डोळ्यांखालचं काळं: तुमचं कशानं आलं, कशानं उतरलं?

आखाजीला माहेरी अमळनेरला गेले होते. उंबऱ्यातच आईनं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "डोयाखाले कायं काबरं पडनं वं? रातले जपस नही का?" झोप तर आठ तास होत होती. दोन वर्षं जो भेटेल तो हेच विचारायचा, आणि मी काकडीच्या चकत्या ठेवत बसले होते.

पुढे जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाळी किती दिवस जाते, किती पॅड लागतात ते आधी विचारलं, मग खालची पापणी ओढून आतला रंग बघितला. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. बाईचं 12 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालच्या पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या उठून दिसतात, तेच काळं. गर्भाशयात गाठ होती, रक्त तिच्यापायी जात होतं. गाठीवर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना मी त्या चहाबरोबर घेतल्या. चहानं लोह अंगी लागत नाही हे नर्सताईंनी सांगितलं, मग लिंबूपाण्याबरोबर. चार महिन्यांनी 12.1. काळं निम्मं उतरलं. उरलेलं निम्मं आईच्या डोळ्यांखालीही आहे, ते घराण्याचं.

आपल्याकडे कारण एकच सांगतात, जागरण. तुमचं काय निघालं ते लिहा. फसलेले उपायही लिहा, त्यानं कुणाची तरी फसगत टळेल.

नंदुरबार

आईचं लिहितेय. हिवाळ्यात ती मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते. नाकातोंडाला पदर गुंडाळला तरी ठसका बसतोच. डोळे चरचरले की मनगटानं चोळायचे, बोटांना तर मिरचीच असते. चार हंगाम चोळून चोळून खालची कातडी काळी, जाड झाली, बारीक रेघा पडल्या. मेडिकलमधून एक ट्यूब मिळाली, चिठ्ठीबिठ्ठी कुणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आई खूश. तिनं आठ महिने लावली. बंद केली तशी आग, लाली, आणि काळं आधीपेक्षा जास्त.

ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी ती हळूहळू सोडवली आणि डोळ्यांचं प्रेशर तपासायला पाठवलं, कारण डोळ्याजवळ स्टिरॉइड फार दिवस लावलं तर काचबिंदू होऊ शकतो. प्रेशर ठीक निघालं, देव पावला. आता हंगामात अ‍ॅलर्जीची गोळी, कडेनं बंद असलेला चष्मा, आणि घरी आल्यावर आधी साबणानं हात, मग गार पाण्याची घडी डोळ्यांवर. चोळणं थांबून दीड वर्ष झालं. रेघा आहेत, काळं बरंच विरलंय. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा, कळकळीनं सांगतेय.

रावेर

माझं खरंच जागरणाचं आहे. केळीला पाणी द्यायचं तर थ्री फेजची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात डोळे सुजतात, काळं चढतं, दिवसाच्या आठवड्यात उतरतं. मोटारीला ऑटो स्विच बसवला, तेव्हापासून तीन-चार तास सलग झोप मिळते. बायको म्हणते फरक दिसतो.

धुळे

आजी, आत्या, मी, तिघींचं सारखंच, वरची पापणीसुद्धा. बटाट्याचा रस झाला. लिंबू लावून मे महिन्याच्या उन्हात क्लासला गेले, तर कातडी सोलवटली आणि डाग गडद झाला. डॉक्टरांनी मला खिडकीपाशी बसवून कातडी बोटानं हलकी ताणली. रंग तसाच राहिला, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याचं. ताणल्यावर निळसर गडद झालं असतं तर रक्तवाहिन्यांचं. आणि तोंड उजेडाकडे वर केल्यावर पुसलं जातं ती नुसती खोबणीची सावली, तिला कुठलंच क्रीम लागू पडत नाही. मला सकाळी लावायला व्हिटॅमिन सी, वर एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, आणि आठवड्यातून दोन रात्री मुगाएवढं रेटिनॉलचं क्रीम दिलं. सहा महिन्यांत थोडं उजळलं. पूर्ण जाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्याचं बरं वाटतं. लेझरचा विचार खर्च ऐकून सोडला.

चोपडा

मुलगा सहा वर्षांचा. सगळे म्हणायचे जंत असतील. जंताची गोळी दिली, काही फरक नाही. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचा, सकाळी शिंकांवर शिंका, आणि तळहातानं नाक सारखं खालून वर घासायचा. बालरोगतज्ज्ञांनी ते घासणं बघूनच अ‍ॅलर्जी ओळखली. नाक चोंदलं की डोळ्यांखालच्या शिरांत रक्त तुंबतं म्हणे. नाकाचा स्प्रे सुरू आहे, गोधड्या गरम पाण्यात धुते. डोळे निवळलेत.

धडगाव

मी आशा सेविका आहे, पाड्यांवर फिरते. डोळ्यांखाली काळं, डोळ्यांत पिवळसर झाक, सांधे ठणकतात, अशी पोर दिसली की नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मागच्या पावसाळ्यात एका मुलीला घरच्यांनी दुकानातून रक्तवाढीचं टॉनिक आणलं होतं. मी तिला आरोग्य केंद्रात नेलं. रक्ताची सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी झाली, मग खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस, आणि सिकलसेल निघाला. आता शरीरात लोह कमी आहे का ते तपासल्याशिवाय तिला लोह द्यायचं नाही. रोज फॉलिक अ‍ॅसिड आणि भरपूर पाणी. मी दारात गेले की ती आधी दप्तरातली बाटली काढून दाखवते, अर्धी संपलेली.