मदत हवी आहे: लहान मुलांच्या प्रार्थनेत बायबलमधलं स्तोत्र 13 वाचावं का?

परदेशात एका बालगृहात सेवेला आलेय, सात-आठ वर्षांच्या मुलांची संध्याकाळची प्रार्थना माझ्याकडे असते. एक मुलगी रोज डोळे घट्ट मिटून एकच मागते, आईने न्यायला यावं, आणि काल माझी बाही धरून विचारलं की देव ऐकतो ना, मग आई का येत नाही. मत्तय 19:14 वाचलं, म्हणजे येशू म्हणतो ना, लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, ते, भावांनी विकलेल्या योसेफाची गोष्टही सांगितली पण त्यात शेवटी वडील आणि भाऊ भेटतात, हिला तसं कुठल्या तोंडाने सांगू? घरच्यांबद्दल विचारायचं नाही हा इथला नियम, आणि मी पुढच्या महिन्यात परत जाणार म्हणून वचनही द्यायचं नाहीये. काउन्सेलरला कळवलंय, प्रश्न फक्त प्रार्थनेपुरता आहे. स्तोत्र 13 मध्ये देवाला सरळ विचारलंय, कुठवर, मला तेच खरं वाटतं. एवढ्या लहानांना ते कुणी वाचून दाखवलंय का, आणि नंतर त्यांच्याशी काय बोललात?