महापालिका निवडणुकीच्या दोन फेऱ्यांमध्ये किती दिवसांचे अंतर असावे?

प्रभातरोडकर (प्रश्न)

नमस्कार. 15 मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पुणे महापालिकेची निवडणूक अखेर जानेवारी 2026 मध्ये झाली आणि आमच्या अभ्यासगटात महापौर थेट जनतेतून निवडावा का, हा जुना विषय पुन्हा निघाला. नगरपरिषदांचा नगराध्यक्ष आपण थेट निवडतो, परंतु तेथे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. पंचरंगी लढतीत तीस टक्क्यांच्या आत मते मिळवणाराही खुर्चीवर बसू शकतो. त्यामुळे एका सदस्याने अशी सूचना मांडली की कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये दुसरी फेरी घ्यावी. या सूचनेवर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

इतरत्र काय करतात हे पाहू लागलो, तेव्हा एका ठिकाणी अडकलो. फ्रान्समधील नगरपालिकांच्या दोन फेऱ्यांत सात दिवसांचे अंतर असते. अटलांटा शहरात 2021 साली पहिले मतदान 2 नोव्हेंबरला आणि दुसरे 30 नोव्हेंबरला झाले, म्हणजे 28 दिवस. शिकागोत 2023 साली 28 फेब्रुवारी आणि 4 एप्रिल, म्हणजे 35 दिवस. डेन्व्हरमध्ये त्याच वर्षी 4 एप्रिल आणि 6 जून, म्हणजे तब्बल 63 दिवस. काम सर्वत्र एकच असताना एवढी तफावत का? हे अंतर ठरवण्याचा काही निकष आहे, की प्रत्येकाने आपापल्या सोयीने तारखा टाकल्या आहेत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुंढवा_ते_डेन्व्हर

योगायोगाने मी डेन्व्हरमध्येच राहते, त्यामुळे तेवढ्यापुरते खात्रीने लिहू शकते. तुम्ही दिलेले 63 दिवस पूर्वीपासूनचे नाहीत. 2019 साली येथे पहिले मतदान 7 मे रोजी आणि दुसरे 4 जून रोजी झाले होते. अंतर होते अवघे 28 दिवस. नोव्हेंबर 2021 मध्ये शहराच्या सनदेत बदल करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला, तो मंजूर झाला आणि पहिली फेरी मे महिन्यातून एप्रिलमध्ये आली. दुसरी फेरी मात्र जूनमध्येच राहिली, कारण नवे महापौर जुलैमध्ये सूत्रे हाती घेतात आणि ती तारीख हलवायची नव्हती. मध्ये जागा हवी असेल, तर ती पुढे सरकून नव्हे, मागे सरकून करावी लागते, ही बाब तुमच्या टिपणात अवश्य यावी.

आता इतकी जागा का लागते, ते सांगते. डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोत प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका येते. 2023 मध्ये महापौरपदासाठीच्या मतपत्रिकेवर पंधराहून अधिक नावे होती आणि पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारालाही चौथाई मते मिळाली नव्हती. मतपत्रिका पाकिटात घालून पाकिटावर सही करायची असते आणि ती सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. आमच्या शेजारच्या आजींचा हात थरथरतो. त्यांची सही जुळली नाही म्हणून त्यांना पत्र आले आणि दुरुस्तीसाठी मतदानानंतर आठ दिवसांची मुदत मिळाली. अशी पाकिटे एकूण मतांच्या मानाने थोडी असतात, परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकातील फरकही थोडाच असला, तर दुसऱ्या फेरीत कोण उतरणार हेच आठ दिवस ठरत नाही.

याच्या जोडीला येथील दुसरा नियम ठेवून पाहा. मतपत्रिका मतदानाच्या साधारण 22 दिवस आधी टपालात पडू लागतात. 28 मधून 22 वजा केले की उरतात सहा दिवस. सह्यांच्या दुरुस्तीला आठ दिवस आणि छपाईला हाताशी सहा, हे गणित कागदावरच मोडते. सैन्यात किंवा परदेशात असलेल्या मतदारांना मतपत्रिका 45 दिवस आधी रवाना करायची असते. राष्ट्रीय निवडणुकांसाठी तो अमेरिकेचा संघीय कायदाच आहे आणि कोलोरॅडोने तो निकष स्वतःच्या कायद्याने स्थानिक निवडणुकांनाही लावला आहे. 63 मधून 45 गेले की 18 दिवस राहतात, तेवढ्यात निकाल पक्का करून नवी मतपत्रिका छापता येते. तेव्हा 63 हा आकडा कोणाच्या मर्जीने आलेला नाही. सर्वांत लांबच्या मतदारापासून उलटे मोजत आले की तो आपसूक हाती येतो.

लक्ष्मीरोडचा_अभ्यासक

डेन्व्हरच्या ताईंनी उत्तम मांडले आहे, परंतु नाण्याची दुसरी बाजूही टिपणात असावी. जॉर्जिया राज्यात 2020 च्या सिनेट निवडणुकीची पहिली फेरी 3 नोव्हेंबरला आणि दुसरी 5 जानेवारी 2021 रोजी झाली. तेथेही अंतर नऊ आठवड्यांचेच होते. पुढे 2021 च्या कायद्याने ते चार आठवड्यांवर आणले आणि 2022 मध्ये 8 नोव्हेंबरनंतर थेट 6 डिसेंबरला मतदान झाले. याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. दुसऱ्या फेरीसाठी नाव नोंदवण्याची अंतिम तारीख होती 7 नोव्हेंबर, म्हणजे पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी. दुसरी फेरी होणार हे कळण्याआधीच नव्या मतदाराला दार बंद झाले होते. शिवाय मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते, म्हणून मुदतपूर्व मतदानाच्या शनिवारवरून प्रकरण न्यायालयात गेले. परदेशस्थ मतदारांसाठी 45 दिवस मिळणे शक्यच नव्हते. त्यांना पहिल्याच वेळी पसंतिक्रमाची मतपत्रिका पाठवून तो प्रश्न सोडवला गेला.

आणि माझा खरा आक्षेप येथेच आहे. काही मतदारांसाठी पसंतिक्रम चालतो, तर सर्वांसाठी का चालू नये? पुण्यात पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत आपण जांभळ्या स्केचपेनने 1, 2, 3 लिहितोच. पहिल्या पसंतीत कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मतसंख्या, पूर्ण झाला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजतात. 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले. एका मतदानात काम भागत असताना दुसरी फेरी, दुसरा खर्च, दुसरी आचारसंहिता आणि घटलेले मतदान हे सारे ओढवून का घ्यावे? दोन महिने आचारसंहिता म्हणजे दोन महिने खड्ड्यांची निविदासुद्धा निघणार नाही, आणि पुण्यात तेवढे एक कारण प्रशासनाला पुरेसे असते.

निवृत्त_क्षेत्रीय_अधिकारी

अनेक निवडणुकांत क्षेत्रीय अधिकारी म्हणून काम केले आहे, त्यामुळे तत्त्वापेक्षा कामाच्या बाजूने लिहितो.

पसंतिक्रमाचा मुद्दा गैर नाही, परंतु आपली मतदान यंत्रे एका पदासाठी एकच बटण नोंदवतात. पसंतिक्रम घ्यायचा, तर लाखो मतदारांसाठी पुन्हा कागदी मतपत्रिका आणि हाताने मोजणी आली. पदवीधरांच्या निवडणुकीतही कोणी बरोबरची खूण करतो, कोणी सही ठोकतो, आणि बाद मतांचा गठ्ठा फुगतो. मतमोजणी रात्र उलटून दुसऱ्या दिवसावर जाते. तेथे सारे मतदार पदवीधर असतात, हे वेगळे सांगायला नको.

आता दोन फेऱ्यांचे अंतर. आपल्याकडे टपाली मतदान मुख्यतः निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांपुरते आहे आणि परदेशातील मतदाराला मत द्यायचे तर स्वतः केंद्रावर यावे लागते. म्हणून डेन्व्हरचे 45 दिवस आपल्याला लागू होत नाहीत. आपल्याकडे उलटे मोजायचे ते यंत्रांपासून. याच वर्षीचा कार्यक्रम घ्या. अर्ज माघारीची मुदत 2 जानेवारीला संपली, 3 जानेवारीला चिन्हे मिळाली, 15 जानेवारीला मतदान झाले आणि 16 जानेवारीला मोजणी. चिन्हवाटपापासून मतदानापर्यंत बारा दिवस, आणि ते रिकामे नसतात. त्यात यंत्रावर लावायच्या मतपत्रिका छापून येतात, त्यांतील नावे आणि चिन्हे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष तपासतात, यंत्रे तयार करून मोहोरबंद करतात, केंद्राध्यक्षांचे प्रशिक्षण होते, साहित्याचे वाटप आणि वाहनांचे मार्ग ठरतात. दुसऱ्या फेरीत दोनच उमेदवार असले, तरी केंद्रांची संख्या कमी होत नाही. मतपत्रिका आखूड होईल, बाकी काम तेवढेच.

याहून मोठी अडचण अशी की पहिल्या फेरीत वापरलेली यंत्रे लगेच हाती येत नाहीत. मोजणीनंतर ती मोहोरबंद करून ठेवावी लागतात. निवडणूक याचिकेची मुदत संपेपर्यंत आणि याचिका दाखल झाल्यास पुढेही त्यांतील नोंदी पुसता येत नाहीत. म्हणजे एकतर यंत्रांचा दुसरा संच हवा, नाहीतर तेवढे दिवस थांबायला हवे. पुण्यासारख्या शहरात दुसरा संच उभा करायचा, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातून येणार आणि त्याची प्राथमिक तपासणी पुन्हा होणार.

म्हणून माझ्या मते कायद्यात निव्वळ दिवसांचा आकडा घालू नये. टेक्सासची रीत मला पटते. तेथे शहरातील दुसऱ्या फेरीचे दिवस पहिल्या मतदानापासून मोजत नाहीत, तर त्या निकालाची अधिकृत पडताळणी पूर्ण झाल्यापासून मोजतात: 20 व्या दिवसाआधी नाही आणि 45 व्या दिवसानंतर नाही. ह्यूस्टनमध्ये 2023 साली 7 नोव्हेंबरनंतर 9 डिसेंबरला दुसरी फेरी झाली, ती याच चौकटीत. फेरमोजणी लांबली, तर तारीख आपोआप पुढे जाते, आणि वरची मर्यादा असल्यामुळे कोणाला ती अनिश्चित काळ रखडवता येत नाही. आपल्याकडे ती वरची मर्यादा किती महत्त्वाची आहे, हे चार वर्षे नगरसेवकांविना काढलेल्या शहराला मी काय सांगावे?

औंध_वाचनकट्टा

फ्रान्सच्या सात दिवसांविषयी थोडक्यात. तेथे टपाली मतदान 1975 मध्येच बंद झाले. ज्याला केंद्रावर येणे शक्य नाही, तो दुसऱ्या मतदाराला आपल्या वतीने मत देण्याचा अधिकार देतो. मते कागदी असतात आणि रविवारी रात्रीच त्या त्या केंद्रावर मोजली जातात. दुसऱ्या फेरीसाठी उमेदवारांच्या याद्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायच्या असतात. मोठ्या गावांत दहा टक्के मते मिळवलेली यादी पुढे जाऊ शकते आणि पाच टक्के मिळवलेली यादी दुसरीत विलीन होऊ शकते, त्यामुळे सोमवारी दिवसभर वाटाघाटी रंगतात. एवढ्या घट्ट वेळापत्रकाला धक्का बसला तर काय होते, हे 2020 मध्ये दिसले. 15 मार्चला पहिली फेरी झाली आणि कोविडमुळे दुसरी 28 जूनवर गेली.

प्रभातरोडकर

सर्वांचा ऋणी आहे. अधिकारीसाहेबांना एक उपप्रश्न विचारतो. डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांचे मतदान 2 तारखेला झाले, काही ठिकाणचे 20 तारखेवर गेले आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्वांची मोजणी 21 डिसेंबरला झाली. तेव्हा यंत्रे एकोणीस दिवस पहाऱ्यात ठेवता आली. मग दुसरा संच किंवा दीर्घ पहारा हा खरोखर एवढा अडसर आहे का? आणि पुण्यात अशी दोन फेऱ्यांची निवडणूक घ्यायची झाल्यास आपण कोणते महिने सुचवाल?

निवृत्त_क्षेत्रीय_अधिकारी

पहारा ठेवता येतो, पण तेथील प्रश्न वेगळा होता. आधीच्या निकालाचा नंतरच्या मतदानावर परिणाम होऊ नये, म्हणून मोजणी थांबवली होती आणि यंत्रे नुसती पडून होती. पक्षांचे कार्यकर्ते गोदामाबाहेर रात्री जागवत बसले, ते आपण सर्वांनी पाहिले. दोन फेऱ्यांत पहिला निकाल लागल्याशिवाय दुसरे मतदानच होऊ शकत नाही, आणि एकीकडे मोजलेली यंत्रे पहाऱ्यात असताना दुसरीकडे नवी तयार करावी लागतात. मनुष्यबळ मात्र तेच असते.

महिन्यांविषयी सांगायचे तर टिपणात 2017 चे वेळापत्रक मांडून पाहा. तेव्हा मतदान 21 फेब्रुवारीला झाले होते. दोन फेऱ्यांत समजा तीनच आठवडे ठेवले, तर त्यात 21 दिवस मिळवले की 14 मार्च येतो आणि त्या सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 रोजीच संपली. म्हणजे त्या तारखा धरून चालले, तर दुसरी फेरी मुदतीच्या शेवटच्या दिवशी येते. निकाल आणि राजपत्रातील प्रसिद्धी त्यानंतरच. भरीस भर म्हणजे तो काळ बारावी आणि दहावीच्या परीक्षांचा. मतदान केंद्रे ज्या शाळांत, परीक्षा केंद्रे त्याच शाळांत, आणि मतदान अधिकारी असलेले शिक्षक हेच पर्यवेक्षक.

मुदत मार्चमध्ये संपत असेल, तर मी पहिली फेरी डिसेंबरच्या अखेरीऐवजी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घेईन, कारण नाताळच्या सुट्टीत अर्धे शहर बाहेरगावी असते. दुसरी फेरी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बारावीची परीक्षा सुरू होण्यापूर्वी. मध्ये साधारण चार आठवडे मिळतात. त्यांतील पहिला आठवडा निकालाची पडताळणी आणि फेरमोजणीच्या अर्जांसाठी, त्यानंतरचे बारा-तेरा दिवस छपाई आणि यंत्रांच्या तयारीसाठी, आणि उरलेला आठवडा हाताशी राखीव. तो आठवडा कोणी काटकसरीच्या नावाखाली कापायला निघाले, तर टिपणात ठामपणे विरोध नोंदवा. छपाईत एका उमेदवाराचे चिन्ह चुकले, तरी मतपत्रिका नव्याने छापाव्या लागतात आणि हा आठवडा त्यातच संपतो. यंत्रांचा दुसरा संच मात्र या आराखड्यातही लागेलच, तेव्हा त्याची तरतूद राज्य निवडणूक आयोगाकडे आधीच्या पावसाळ्यातच मागावी.