जेम्स बर्जेस यांच्या संपादनकार्याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

लेणीवाचक: जेम्स बर्जेस (१८३२–१९१६) यांच्यावर लेख लिहितो आहे. वेरूळ-नाशिकच्या लेण्यांच्या सर्वेक्षणाबद्दल भरपूर सापडतं, पण 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधन-मासिकाचे संपादक म्हणून त्यांचं काम कसं तपासावं? जुन्या पुस्तकांत नुसतं 'इं. अँ., खंड ७' असतं, वर्षाचा पत्ता नसतो. आणि तेव्हाच्या शिलालेख-वाचनांवर विसंबायचं का?

जुनीपाने: वर्ष काढणं सोपं आहे. पहिला खंड १८७२चा, पुढे दरवर्षी एक. खंडाच्या आकड्यात १८७१ मिळवा, सातवा म्हणजे १८७८. बर्जेस यांचे खंड १ ते १३, म्हणजे १८८४पर्यंत. चौदाव्यापासून संपादक फ्लीट आणि टेंपल. हे सरकारी प्रकाशन नव्हतं, हे लेखात जरूर सांगा. १८७४पासून बर्जेस पश्चिम भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षक होते. ती जबाबदारी असताना हे मासिक दहा वर्षं चालवणं हीच मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. सर्वेक्षणाचे अहवाल वेगळे, त्यांचे खंडक्रमांक यात मिसळू नका.

ठसेकरी: नुसतं छापील वाचन घेऊ नका, सोबतचा ठसा बघा. दगड ब्रशने घासून धुतात, ओला कागद चिकटवून ताठ केसांच्या ब्रशने ठोकतात, म्हणजे तो अक्षरांच्या खोबणीत बसतो. कागद जरा सुकला की वरून शाईची गादी हलकेच टेकवतात. अक्षरं पांढरी उठतात. शाई जास्त झाली तर बारीक रेघा बुजतात आणि पहिला बळी जातो अनुस्वाराचा. उलट दगडातला खड्डा पांढरा उठून अनुस्वारासारखा दिसतो. हाताने काढलेल्या नकलेत तर नक्कल करणाऱ्याला जे अक्षर वाटलं तेच उतरतं. म्हणून नाशिकचे शिलालेख 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या प्रकाशनमालेच्या आठव्या खंडात आणि कार्ल्याचे सातव्यात फ्रेंच अभ्यासक सेनार यांनी पुन्हा वाचले आहेत, त्यांच्याशी ओळीला ओळ लावून पाहा.

शकगणक: शिलालेखातल्या शक वर्षावरून इसवी सन काढताना ते वर्ष गत (पूर्ण झालेलं) असेल तर ७८ मिळवा, वर्तमान (चालू) असेल तर ७७, पौष-माघातली तिथी असेल तर इसवी सन बहुधा एकाने पुढे जातो. शिलालेखात 'गत' शब्द नसेल तर वार आणि तिथी जुळतात का ते पाहूनच ठरवा.

श्रेयाचंही भान ठेवा. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं १८८१चं पुस्तक बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी या दोघांचं आहे. नाणेघाटाच्या शिलालेखांचं १८८३च्या सर्वेक्षण-अहवालातलं वाचन संस्कृतचे अभ्यासक ब्यूलर यांचं. तिथे बर्जेस यांचं एकट्याचं नाव टाकलंत तर ती सरळ चूक होईल.