प्रति: लासेन पीक एका दिवसात होतं का?

"सोंसोगड चढलेल्याला लासेन किरकोळ, जाऊन-येऊन आठ किलोमीटर तर आहे" हे वर लिहिलंय ते अंतरापुरतं बरोबर, पण उंचीचं काय? आपल्या गोव्यातल्या सगळ्यात उंच सोंसोगडाचा माथाच १,२०० मीटरच्या आत आणि तिकडे कॅलिफोर्नियात लासेन ज्वालामुखीच्या पायथ्याशी गाडी लावतो तीच जागा साधारण २,६०० मीटरवर, तिथून आणखी सहाशे मीटर चढून ३,१८७ वर जायचं. आम्ही फोंड्याचे चौघे, सॅक्रामेंटोतल्या मित्राकडे उतरलो आणि पहाटे निघून थेट चढायलाच लागलो, म्हणजे सकाळपर्यंत समुद्रसपाटीवरच होतो की. अर्ध्या वाटेवर एकाचं डोकं असं ठणकायला लागलं की दर वळणाला बसायचा, शेवटी दुसऱ्या मित्राला सोबत देऊन त्याला खाली पाठवला आणि आम्ही दोघेच वर गेलो. आदल्या रात्री लासेनच्या नॅशनल पार्कातच कॅम्पिंग केलं असतं तर कदाचित चौघेही पोचलो असतो.

आणि वाट म्हणजे नुसती भुसभुशीत खडी, उतरताना पाय सरकतात, वर झाडाची सावली नाही, दुपारी विजा झाल्या तर आडोसाही नाही, त्यामुळे सकाळीच उरका. वर मात्र १९१५ च्या मे महिन्यातल्या उद्रेकाचा काळा लाव्हा अजून तसाच थिजलेला दिसतो, ऑगस्टात गेलो तरी बाजूला बर्फाचा पट्टा होता (त्यावर फोटो काढताना मी आपटलो ते सोडा). हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला माउंट शास्ता पण दिसतो.