नुसत्या संभाषण वर्गाने भागणार नाही

एकांनी म्हटलंय, सेमी-इंग्रजीच्या (मराठी शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून) शिक्षकांना तीन महिने इंग्रजी संभाषण शिकवा, इंग्रजीतून शिकवताना अडखळण्याचा प्रश्न मिटेल. मला नाही पटत.

मलेशियाचं उदाहरण बघा. २००३ पासून तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं. शिक्षकांना खास प्रशिक्षण, लॅपटॉप, वर भत्ताही. तरी २००९ मध्ये सरकारने हे धोरण मागे घ्यायचं ठरवलं. राजकारण होतंच, पण इंग्रजीत अडखळणारा शिक्षक मलय भाषेकडे वळतो, ही तक्रारही होती. आता वळला तर बिघडलं काय, हा माझा प्रश्न. कधी वळायचं आणि कधी नाही, हेच तर प्रशिक्षणात शिकवायला हवं.

भागाकार घ्या. मराठीत 'बाराला तीनने भाग' म्हटलं की 'ला' आणि 'ने' सगळं सांगून टाकतात. इंग्रजीत 'ट्वेल्व्ह डिव्हायडेड बाय थ्री' आणि 'थ्री डिव्हाइड्स ट्वेल्व्ह', दोन्ही बरोबर, आकड्यांचा क्रम मात्र उलटा! पोरगं इथे अडतं ते भाषेत, गणितात नव्हे. संभाषण वर्गात हे कोण शिकवणार? तिथे 'हाऊ आर यू'च चालतं.

युरोपात 'क्लिल' (विषय आणि भाषा एकत्र शिकवायच्या) पद्धतीत पाठ आखताना विषयाच्या उद्दिष्टासोबत भाषेचं उद्दिष्टही ठरवतात: आज मुलं कोणती वाक्यं स्वतः बोलणार? आपल्या पाठाच्या टाचणात एवढा एक रकाना वाढवला तरी पुष्कळ. (टाचण आधीच लांबलचक असतं, ठाऊक आहे. दुसरं काहीतरी काढा!)