तुरीची सावलीसुद्धा धरा

भाऊ, तुम्ही विचारलं की बाभळीची सावली पॅनलच्या खालच्या कडेवरच पडते, तरी सौरपंपाचं पाणी सकाळी निम्म्यावर का येतं. पॅनलमधले सेल एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक सेल झाकला की त्या रांगेतला करंट अडतो. पॅनलच्या मागच्या डब्यात बहुधा तीन बायपास डायोड, म्हणजे करंटला वळसा देणारे छोटे भाग, असतात; एकेक डायोड पॅनलचा एकेक हिस्सा सांभाळतो. ते झाकलेला एक तृतीयांश हिस्सा वगळून करंट पुढे नेतात. पण पॅनल लांब बाजू खाली-वर ठेवून, म्हणजे उभं बसवलं असेल, तर खालच्या कडेची सावली तिन्ही हिश्श्यांना धरते आणि पॅनल जवळजवळ बंदच पडतं. हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल वर-खाली दोन भागांत जोडलेलं पॅनल असेल तर वरचा अर्धा भाग तेवढा चालू राहतो.

आपल्या विदर्भात डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे २० फुटांच्या झाडाची सावली उत्तरेला २० फूट जाते. सकाळी नऊला जवळपास दुप्पट, तीही वायव्येकडे. उन्हाळ्यात जागा पाहून स्ट्रक्चर उभं केलं की हे ध्यानातच येत नाही, अन् हरभऱ्याला, गव्हाला पाणी तर हिवाळ्यातच लागते.

आणखी एक, पॅनलच्या दक्षिणेला तूर आहे का? कपाशीतली तूर डिसेंबरपर्यंत माणसाच्या डोक्यावर जाते. त्या बाजूच्या चार-पाच ओळींत पुढच्या हंगामी हरभराच पेरा. बाभूळ तोडू नका, पॅनलकडच्या फांद्या छाटल्या तरी बराच फरक पडेल.