ज्येष्ठ रॉकवाल्याचं अकूस्टिक गिटारचं लाइव्ह रेकॉर्डिंग सुचवा (गाडीत बाबा असणार आहेत)

एफ_कॉर्डचा_मारलेला
मंडळी, आठ महिने गिटारच्या क्लासला जातोय. बोटांना घट्टे पडले, पण एफ कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) अजून फडफडतोच. सर म्हणतात, जुन्या खोडांचं लाइव्ह ऐक. पुढच्या शनिवारी ठाणे ते सातारा गाडीने जायचंय आणि शेजारी बाबा. त्यांचे देव म्हणजे वसंतराव आणि कुमारजी. ड्रम वाजले की त्यांचा हात आवाज कमी करायला पुढे येतो. तो हात मांडीवरच राहील असं काहीतरी सांगा.

पारावरचा_मुंजा
डोळे झाकून एरिक क्लॅप्टनचं 'अनप्लग्ड', म्हणजे विजेच्या गिटारशिवाय. १६ जानेवारी १९९२ला इंग्लंडात ब्रे स्टुडिओत, मूठभर श्रोत्यांपुढे एमटीव्हीसाठी वाजवलेलं. साठच्या दशकात 'क्रीम' या रॉक बँडमध्ये कानठळ्या बसवणारा हाच माणूस इथे खुर्चीत बसून वाजवतो. वय तेव्हा ४६. दहा महिन्यांपूर्वी चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये ५३व्या मजल्यावरून पडून गेला होता. 'टिअर्स इन हेवन' त्याच्यासाठीच लिहिलेलं. ग्रॅमी वगैरे ढिगाने मिळाले, ते सोडा.

लोक ही सीडी घेतात 'लैला'साठी. मी म्हणेन थेट तिसरं गाणं लावा, 'हे हे'. मूळ जुन्या ब्लूजवाल्या बिग बिल ब्रून्झीचं. त्यात अंगठ्याकडे कान द्या. अंगठा खर्जाच्या तारेवर एकसारखा ठोका धरून बसलाय, हलत नाही, आणि वर दोन बोटं खोड्या काढतायत. तबलजी आणि गवई एकाच हातात! हेडफोन लावलात तर पाय जमिनीवर आपटल्याचंही ऐकू येतं. एफ कॉर्ड राहू दे बाजूला, आधी हा अंगठा बसवा.

आणि हो, शेवटचं गाणं मधूनच सुरू झाल्यासारखं वाटेल. सीडी परत करायला जाऊ नका (मी गेलो होतो). हा गडी मधल्या वेळेत सहज वाजवायला लागला आणि रेकॉर्डिंग नंतर चालू झालं, म्हणून तसं.

उसळपाव
'अनप्लग्ड' म्हणे! पियानो आहे, बास आहे, ड्रम आहेत, मागे दोन गायिका आहेत. काकांचा हात पुढे येणारच.
एक माणूस, एक गिटार हवं असेल तर नील यंगचं मॅसी हॉल, टोरांटो, १९ जानेवारी १९७१. गिटार नसली की पियानो, बाकी स्टेजवर कोणी नाही. तेव्हा तो अवघा २५चा, म्हणजे 'ज्येष्ठ' या अटीत नापास. पण रेकॉर्डिंग बाजारात आलं २००७मध्ये, तोवर त्याची साठी उलटली होती. चालवून घ्या.

पारावरचा_मुंजा
उसळपाव, ड्रम आहेत हे मान्य. पण स्टीव्ह फेरोन इतका हळुवार वाजवतो की पोळ्या लाटताना ऐकलं तरी चालेल. आवाजाचं म्हणाल तर नील यंगचा तो किनरा सूर आमच्या घरात फक्त मला सोसतो.

रेघोट्या
'लैला'ला उगाच नावं ठेवू नका हो. १९७०चं मूळ गाणं आधी ऐका, गिटार अक्षरशः किंचाळते. इथे तीच चाल निम्म्या वेगात, झुलत येते. क्लॅप्टन आधी लोकांना म्हणतो, ओळखा बघू. टाळ्या जरा उशिराने पडतात. बंदिश तीच, लय बदलली की भाव कसा पालटतो, हे काकांना समजावायला लागणार नाही.
'वॉकिन ब्लूज'मध्ये बोटात नळी घालून तार घासलीय. घरी अशीच तार घासून गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांची 'कॉल ऑफ द व्हॅली' असेल (१९६७, सोबत शिवकुमार आणि हरिप्रसाद), तर ती आधी लावा. मींड ओळखीची झाली की पुढचं सोपं.

एफ_कॉर्डचा_मारलेला
रेघोट्याताई, कॅसेट आहे घरी! एक शंका: माझी गिटार मोठ्या पोटाची आहे, ड्रेडनॉट. त्यावर हा अंगठा जमेल?

पारावरचा_मुंजा
जमेल की. क्लॅप्टनची मार्टिन कंपनीची गिटार लहान अंगाची, ०००-४२, १९३९ची. बोटांनी वाजवताना लहान पोटात खर्ज बाकीच्या तारांना गिळत नाही, एवढाच फरक. ती २००४मध्ये लिलावात ७,९१,५०० डॉलरला गेली, तेव्हा आहे तीच वाजवा.
घेणार असाल तर २०१३ची आवृत्ती घ्या. आधी वगळलेली गाणी आणि सरावाचं चित्रण आहे. मोठी माणसंही अडखळतात, ते बघून बरं वाटतं.

रेघोट्या
परतीसाठी पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर. २००१ आणि २००२चे कार्यक्रम, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधले. बँडचीच गाणी, पण गिटार अकूस्टिक, सोबत चेलो आणि गायकवृंद. एका फ्रेंच ऑपेरातलं गाणंही गातो.

एफ_कॉर्डचा_मारलेला
जाऊन आलो. काब्रांनी सुरुवात केली. खालापूर टोलपर्यंत बाबा खूश. मग 'हे हे'. हात पुढे आला, माझ्या पोटात गोळा. बाबांनी आवाज वाढवला. "हा पायाने ठेका धरतोय का रे?"
घाटात तेच गाणं तीनदा झालं. 'लैला'ला मात्र झोपले. गिल्मोर राहिला, कारण परतीला आई पुढे बसली आणि तिने साताऱ्यापासून नाट्यसंगीत लावलं.